अंगात त्राण नसताना रोजची उपासना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या चर्चच्या मंडळीतून आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. निघताना, उंबऱ्याशी चपला घालता घालता, माणसं हळूच जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आत सगळ्यांसमोर ते सहसा कोणी विचारत नाही. उत्तरं पवित्र शास्त्रातून शोधली आहेत, आणि काही माझ्या घरातून मिळाली आहेत. माझी आई अर्धांगवायूने साडेतीन वर्षं खाटेवर होती. ती गेल्यावर दुसऱ्या वर्षी मला चिकुनगुन्या झाला आणि कित्येक महिने बोटांनी बायबलही धरवत नव्हतं. तेव्हा हे प्रश्न माझेही आहेत.

उठून बसायचीही ताकद नाही. अशात उपासना करायची तरी कशी?

पडल्या पडल्या करा. गुडघे टेकणं, हात जोडणं, डोकं झाकणं हे सगळं चांगलं आहे, पण त्यावाचून देव ऐकत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही.

१ राजे, १९ वा अध्याय काढून पाहा. एलीया संदेष्टा जीव मुठीत धरून रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपून गेला. देवाच्या दूताने त्याला उठवून काय दिलं? निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीयाने खाल्लं, प्यायला, पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा जेवायला लावलं, कारण वाट लांबची होती. या दोन खेपांमध्ये एकही उपदेश नाही, दरडावणं नाही. देवाशी बोलणं झालं ते पुढे, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर.

आजाऱ्याच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाने हा अध्याय आधी वाचावा असं मला वाटतं. थकलेल्या माणसाकडून देव आधी काही मागत नाही, आधी भरवतो. तुमची उपासना आज एवढीच असेल की डोळे मिटून "प्रभू, मी इथे आहे" म्हणायचं आणि झोपायचं, तर तेवढी करा.

रविवारी मंडळीत जातो, नाहीतर मोबाईलवर उपासना ऐकतो. रोज कशाला हवी?

कारण दुखणं रोज असतं.

रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेलं अन्न, मिळत होता त्याची गोष्ट निर्गमच्या १६ व्या अध्यायात आहे. ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा. काहींनी उद्यासाठी ठेवला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशीचा तेवढा टिकत असे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणं आहे ते "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" एवढंच. महिन्याचा किराणा मागायला त्याने शिकवलं नाही.

धडधाकट असताना हे पटत नाही. तेव्हा आपण वर्षभराचे बेत करतो. खाटेवर पडलं की उद्याचा विचारच आधी माणसाला खातो: उद्याचा रिपोर्ट, पुढच्या आठवड्यातला खर्च, पोरांचं कसं होईल. रोजच्या उपासनेने मला एक गोष्ट दिली, आणि ती फार मोठी होती. आजच्या दिवसाचं ओझं तेवढं माझं, उद्याचं अजून माझ्या डोक्यावर दिलेलं नाही, हे मला रोज नव्याने कळायचं. रोजच कळावं लागायचं, कारण संध्याकाळपर्यंत मी ते विसरलेली असायची.

किती वेळ करावी? पहाटेच करायला हवी का?

किती वेळ याला उत्तर नाही. चिकुनगुन्यात माझी उपासना चार मिनिटांची होती.

पहाटेचं म्हणाल तर प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जात असे, हे मार्कने आपल्या शुभवर्तमानात लिहिलं आहे, आणि आपल्याकडची जुनी माणसंही पहाट सोडत नसत. पण दानीएल दिवसातून तीन वेळा प्रार्थना करी, आणि प्रेषित पौल व त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गाणी गात होते. ज्याला रात्रभर कळा येतात आणि पहाटे पाचला कुठे डोळा लागतो, त्याने गजर लावून उठू नये. ती झोप देवानेच दिली आहे.

एक सोपी युक्ती सांगते. उपासना गोळ्यांना बांधा. आजारी माणसाच्या घरात जेवण चुकेल, पण गोळी चुकत नाही. आईच्या डब्याला सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे होते. सकाळची गोळी दिली की एक स्तोत्र, रात्रीची दिली की प्रभूची प्रार्थना. महिन्याभरात असं झालं की मी डबा उघडल्याचा आवाज केला की आई डोळे मिटून घ्यायची.

वाचायचं काय? कुठून सुरुवात करू?

स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक. दुखण्यात दुसरं काही नाही वाचलं तरी चालेल.

दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी अगदी गळून गेलेल्या माणसाने म्हटलेली आहेत. ६ व्या स्तोत्रातला माणूस रात्रभर रडून अंथरूण भिजवतो. ७१ वं म्हातारपणाचं आहे: शक्ती सरत आली, आता मला सोडू नकोस. १३० खोल खड्ड्यातून मारलेली हाक. १३१ मध्ये तीनच ओव्या आहेत, आईजवळ शांत पडून राहिलेल्या लेकराची. तापाने डोकं फुटत असेल तर ११७ वं काढा. दोन ओव्या आहेत, तेवढ्याच.

११९ व्या स्तोत्राला १७६ ओव्या आहेत म्हणून घाबरू नका. त्याचे आठ आठ ओव्यांचे बावीस भाग आहेत, रोज एक घेतला तर तीन आठवडे जातात.

अँग्लिकन परंपरेत जुनी पद्धत आहे की दीडशे स्तोत्रं सकाळ-संध्याकाळ वाटून तीस दिवसांत पूर्ण करायची. तब्येत बरी असेल तर छान आहे. आजाऱ्याला मी ती सुचवत नाही, मागे पडलं की उगाच मनाला लागतं. त्यापेक्षा एकच स्तोत्र आठवडाभर वाचा. सोमवारी जे नुसते शब्द होते, ते शुक्रवारपर्यंत तोंडात बसतात. मग एमआरआयच्या नळीत पुस्तक नेता येत नाही तेव्हा तेच कामी येतात.

बायबलची मराठी मला जड जाते. समजलं नाही तर काय उपयोग?

सोप्या मराठीतलं घ्या, त्यात कमीपणा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आहे, आणि मोबाईलवर मराठी बायबल वाचायची तशीच ऐकायचीही सोय आहे. डोळे शिणले असतील तर ऐका. शेकडो वर्षं बहुतेक ख्रिस्ती माणसांनी वचन ऐकलंच आहे, हातात धरून वाचायला पुस्तक कुठे होतं?

या सोप्या मराठीमागे एका बाईचं फार मोठं कष्टाचं देणं आहे, ते इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या मुक्ती आश्रमात बसून, खेड्यातल्या साध्या बायकांना वाचता यावं म्हणून, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. छपाईही मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून. या बाईने काय काय सोसलं होतं पाहा: तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, आणि उतारवयात, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा. मुलगी गेल्यावरही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

मी जेव्हा म्हणते की आज माझ्याने होत नाही, तेव्हा मला त्या केडगावच्या टेबलाची आठवण होते. लाज वाटावी म्हणून हे सांगत नाही. रोज थोडं वचन घेऊन बसलेलं माणूस दुःखात कुठवर तग धरू शकतं, हे आपल्याच जिल्ह्यांत, आपल्याच भाषेत घडलं आहे म्हणून सांगते.

प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत. पाठ केलेली प्रार्थना म्हटली तर ती खरी का?

खरी. अगदी खरी.

आपल्याकडे काही जण सांगतात की प्रार्थना मनातून, आपल्या शब्दांत यायला हवी, पाठांतर म्हणजे पोपटपंची. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते आईने दाखवलं. झटक्यात तिची वाचा गेली. "पाणी" हा शब्द तिला म्हणता येत नव्हता. माझं नाव येत नव्हतं. ओठ हलायचे आणि भलताच आवाज निघायचा, आणि ती रडायची. एक महिन्याने पाळकसाहेब आले, खाटेजवळ उभं राहून म्हणू लागले, "हे आमच्या स्वर्गातील पित्या", आणि आई त्यांच्याबरोबर म्हणू लागली. अडखळत, पण शब्दन्‌शब्द, "आमेन"पर्यंत. मी स्वयंपाकघरातून हातात कालथा घेऊन तशीच धावत आले. फिजिओथेरपीच्या ताईंनी नंतर सांगितलं की असं होतं: वाचा गेलेल्या माणसालाही लहानपणापासून घोकलेलं आणि गायलेलं म्हणता येतं, मेंदूत ते निराळ्या वाटेने जातं. असेल. माझ्यासाठी एवढं पुरे होतं की पाणी मागता न येणारी माझी आई देवाला बाप म्हणू शकत होती.

म्हणून धडधाकट आहात तोवर पाठ करा. मुलांकडूनही करून घ्या.

आणि तेही जमत नसेल तर रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल म्हणतो की आपल्या अशक्तपणात पवित्र आत्मा आपल्याला हात देतो, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणं म्हटलं आहे. ते तर आजाऱ्याला येतंच.

देवाचा राग येतो. प्रार्थनेत तक्रार केली तर पाप लागेल का?

१३ वं स्तोत्र उघडा. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "कोठवर?" असं विचारलं आहे. ८८ वं तर त्याहून पुढे जातं: सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोख, शेवटी नेहमीसारखी आभाराची ओवीही नाही. हे दोन्ही पवित्र शास्त्रात आहेत, कोणी काढून टाकले नाहीत. ज्यांनी ही स्तोत्रं लिहिली ते देवाला पाठ दाखवून बडबडत नव्हते. त्याच्यासमोर उभं राहून भांडत होते. भांडणही आपल्या माणसाशीच करतो ना आपण?

काहीच जाणवत नाही. सगळं कोरडं वाटतं.

औषधही रोज काही जाणवत नाही, तरी घेतो. याहून जास्त मी सांगू शकत नाही, कारण माझा स्वतःचा असा जवळजवळ एक अख्खा पावसाळा गेला. त्या दिवसांत मी फक्त मार्क ९ मधल्या त्या आजारी मुलाच्या बापाचं वाक्य म्हणायची: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." प्रभूने त्या बापाला, आधी अविश्वास घालवून ये, असं म्हटलं नाही. मुलाला बरं केलं.

इतकी प्रार्थना करूनही दुखणं बरं होत नाही. विश्वास कमी पडतोय का?

नाही. हे जरा सविस्तर लिहिते, कारण या एका वाक्याने फार माणसं मोडलेली मी पाहिली आहेत.

आईच्या दुसऱ्या वर्षी बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले. तेल लावलं, मोठ्याने प्रार्थना केली, हात धरून तिला उभं करायला गेले. ती उभी राहिली नाही. तेव्हा तिच्यादेखत म्हणाले, घरात कुठेतरी अविश्वास आहे. आईला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. पुढचे चार दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पौलाने आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनंती केली. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? आणि उत्तर आलं ते हे: "माझी कृपा तुला पुरेशी आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते." काटा काढला असं पुढे कुठेही लिहिलेलं नाही. २ करिंथ १२ मधली ही वाक्यं मी पाचव्या दिवशी आईला वाचून दाखवली. तिने मान माझ्याकडे वळवली. पुन्हा वाच, अशी बोटाने खूण केली.

देव बरं करतो, यावर माझा विश्वास आहे, आणि आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी असं याकोबाच्या पत्रातच सांगितलं आहे. जरूर बोलवा. पण जो कोणी म्हणेल की गोळ्या बंद करा, इन्सुलिन थांबवा, नाहीतर देवावर भरवसा नाही असं होईल, त्याचं ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल "प्रिय वैद्य" म्हणतो.

मन खचलं आहे, जगावंसंच वाटत नाही. उपासनेने ठीक होईल का?

उपासना सोडू नका, आणि डॉक्टरांकडे आजच जा. दोन्ही करा. नैराश्य हा आजार आहे, पापाची शिक्षा नाही. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलतात. घरातल्या एका तरी माणसाला आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर, सांगा. एलीयाही "माझा जीव घे" म्हणाला होता. देवाने त्याला एकट्याला राहू दिलं नाही, पुढे अलीशाला त्याच्या जोडीला दिलं.

उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या दिवसांत) आजारी माणसाने उपास धरावा का?

नको. कॅथलिक मंडळीचा नियमही राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवसांचा उपास १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांनाच सांगतो, आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. साखरेची गोळी घेणाऱ्याने रिकाम्या पोटी राहू नये.

गाणी म्हणायची इच्छा असते, पण आवाज फुटत नाही.

दुसऱ्याला म्हणू द्या, तुम्ही बोटाने ताल धरा. आपल्या मराठी मंडळीचं एक भाग्य आहे की रेव्हरंड टिळकांसारख्यांनी आपल्याला अभंगाच्या चालीवर भक्तिगीतं दिली. पेटी नसली तरी चालतं, टाळ नसले तरी चालतं, ओवीची लय अंगातच असते. वसईकडे रात्री घरोघर जपमाळ म्हणतात, त्यातही हेच आहे: एक जण अर्धी प्रार्थना म्हणतो, बाकीचे उरलेली अर्धी. थकलेल्याच्या वाट्याला निम्मंच ओझं येतं.

घरात मी एकटीच प्रार्थना करते. बाकीच्यांना नको असतं.

भांडू नका, टीव्ही बंद करायला लावू नका. तुमच्या कोपऱ्यात बसा. पण मंडळीतल्या एका तरी माणसाला रोज ठरलेल्या वेळी फोन करा आणि तीन मिनिटं एकत्र प्रार्थना करा. अमालेक लोकांशी लढाई चालू असताना इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचे वर उचललेले हात थकले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी धरून ते सूर्य मावळेपर्यंत वर ठेवले. मोशेने त्यांना नको म्हटलं नाही, हे लक्षात घ्या. आपल्याला मदत मागायला फार जड जातं, बायकांना तर जास्तच.

मी आजारी नाही, आजाऱ्याचं करते. माझ्याकडे वेळ आणि शक्ती दोन्ही नाहीत.

तुमची दमणूक कोणाला दिसत नाही, मला माहीत आहे. सगळे येऊन पेशंटची चौकशी करतात, तुम्ही चहा करता.

कामातच करा. आईला कुशीवर वळवताना, पाठीला पावडर लावताना मी २३ वं स्तोत्र म्हणायची: "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." एक ओवी, एक कूस. चादर बदलून होईपर्यंत स्तोत्र संपायचं. कधी म्हणताना चिडलेली असायची, तेही सांगते. शिवाय, आठवड्यातून एक तास कोणालातरी खाटेपाशी बसवून बाहेर पडा. पाळकांना स्पष्ट सांगा की प्रार्थनेला दोघं पाठवा: एक आईपाशी बसेल, एक मला थोडं झोपू देईल. आणि प्रभुभोजन घरी आणायला सांगा, ते आजाऱ्याइतकंच तुमच्यासाठीही आहे.

मध्ये पंधरा दिवस राहूनच गेली. आता परत कशी सुरू करू?

राहिलेल्या दिवसांचा हिशोब करू नका, एका दिवसात भरून काढू नका. देवाच्या करुणेबद्दल विलापगीतात म्हटलं आहे की ती रोज सकाळी नवी होते. शहर जळून गेल्यावर लिहिलेलं गाणं आहे ते.

आज रात्री सुरू करायची असेल तर ४ थं स्तोत्र घ्या, ते निजतानाचं आहे. आठच ओव्या आहेत. वाचवत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला वाचायला सांगा. अडखळेल, एखाद्या जड शब्दापाशी थांबेल. थांबू द्या.